जंत कुठे संपतो?

मेणाच्या ट्रेमध्ये जंत पालथा ठेवायचा, दोन्ही टोकांना टाचण्या मारायच्या आणि पाठीच्या मधल्या रेषेच्या जरा बाजूने, कात्रीचं टोक वर उचलून धरत, हलक्या हाताने काप घ्यायचा. वर्ध्यात प्राणिशास्त्र शिकवताना ही सूचना मी किती वेळा दिली असेल, ते मोजलेलं नाही. डुकरांच्या आतड्यातून आलेले, फॉर्मॅलिनच्या बरणीत ठेवलेले, फिकट पिवळट, वीतभर लांबीचे जंत. मादी असली की काप पुरा होण्याआधीच आतून पांढऱ्या दोऱ्यांचा गुंता उसळून वर येई. मुलांना वाटे आतडं बाहेर आलं. ते आतडं नसे. त्या अंडाशयाच्या आणि गर्भाशयाच्या नळ्या. आतडं म्हणजे त्या गुंत्याखाली दबलेली एक चपटी, तपकिरी पट्टी, एवढंच.

एका वर्षी समुद्रपूरकडच्या एका मुलाने सगळं नीट उलगडून, टाचण्या लावून झाल्यावर मान वर केली आणि म्हणाला, "सर, याले काहीच नाही ना!" पाय नाहीत, डोळे नाहीत, हृदय नाही, रक्तवाहिन्या नाहीत, श्वासाचं इंद्रिय नाही. मी त्याला पाठ्यपुस्तकातलं उत्तर दिलं. परजीवी जगण्यात आयतं अन्न मिळतं, हालचालीची गरज उरत नाही, म्हणून अवयव झडतात. याला अवनती म्हणतात. मुलाने ते वहीत लिहून घेतलं. ते उत्तर चुकीचं होतं, निदान अर्धं होतं, हे मला फार उशिरा कळलं. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने विच्छेदनं थांबवली, ते योग्यच झालं. पण ट्रेमधला जंत गेला तरी त्या मुलाचं वाक्य माझ्याकडून गेलं नाही. याला काहीच नाही, मग हा हजारो वर्षं आपल्यात टिकला कसा?

आधी आहे ते पाहू. गोलकृमीची त्वचा म्हणजे नुसती साल नव्हे. तिच्यात तंतूंचे थर एकमेकांना तिरपे छेदत गेलेले असतात, बाजेच्या विणीसारखे. बाज जशी एका दिशेने दाबली की दुसरीकडे ताणते, तशी ही त्वचा ताणते. आत पाण्यासारखा द्रव दाबाखाली भरलेला असतो. मोठ्या जंतात, म्हणजे अस्कारिसमध्ये, हा दाब सरासरी ७० मिलिमीटर पाऱ्याइतका मोजला गेला आहे. स्नायू फक्त लांबीच्या दिशेने आहेत. गांडुळाला असतात तसे गोलाकार स्नायू याला नाहीत, आणि त्यांची गरजही नाही, कारण त्यांचं काम आतला दाब आणि बाहेरची वीण मिळून करतात. म्हणून जंत आखडत-पसरत सरकत नाही, नागमोडी वळतो. आपलं आतडं अन्न सतत खाली ढकलत असतं, आणि हा प्राणी कुठेही चिकटलेला नसताना त्या प्रवाहात वर पोहत आपली जागा धरून राहतो, आयुष्यभर, एक-दोन वर्षं, रात्रंदिवस. नदीच्या पुरात एका जागी उभं राहून दाखवावं तसं ते आहे.

त्याच्या तोंडाला तीन ओठ. मागे घशाचा स्नायुमय पंप, ज्याची पोकळी तीन कोनांची. आत एवढा दाब असताना मऊ आतडं चेपून बंदच व्हायचं. म्हणून अन्न आत ढकलायला पंप लागतो आणि ते परत येऊ नये म्हणून झडप लागते. मागच्या बाजूला पंप लागत नाही. दार उघडलं की दाबच मळ बाहेर फेकतो. आणि या शरीरातली मला सगळ्यांत थक्क करणारी रचना स्नायूंची आहे. बहुतेक प्राण्यांत मज्जातंतू स्नायूपर्यंत जातो. इथे उलटं. प्रत्येक स्नायुपेशी आपला एक हात लांबवून मज्जारज्जूपर्यंत नेते आणि तिथे हुकूम घेते. रिचर्ड गोल्डश्मिट या जर्मन संशोधकाने १९०८ साली अस्कारिसच्या डोक्याकडच्या मज्जापेशी एकेक करून मोजल्या. त्या १६२ भरल्या. एवढ्याशा मेंदूत सगळा संसार. त्याच्याही आधी, १८८३ साली, बेल्जियमच्या एदुआर व्हान बेनेडेन याने घोड्याच्या जंताच्या अंड्यात पाहिलं की आईकडून आणि बापाकडून गुणसूत्रं सारख्याच संख्येने येतात. आपण आईबापांचे निम्मे-निम्मे कसे असतो, हे माणसाला आधी घोड्याच्या आतड्यातल्या एका प्राण्याने दाखवलं. ज्याला आपण शिवीसारखं 'किडा' म्हणतो त्याच्याकडून आपण एवढं घेतलं आहे.

तर हे शरीर अवनत नाही. मग जे नाही ते का नाही? माझं आजचं उत्तर असं आहे की ते अवयव नाहीसे झालेले नाहीत, ते जंताच्या शरीराबाहेर आहेत. त्याचे पाय म्हणजे आपले न धुतलेले हात. त्याची ऊब म्हणजे आपलं आतडं. त्याचं घरटं म्हणजे गावाबाहेरची गोदरी, सांदीतली ओली सावली, भाजीच्या वाफ्यातली माती. शरीरशास्त्राच्या पुस्तकात जंताची आकृती त्वचेच्या रेषेपाशी संपते, आणि तिथेच आपली चूक सुरू होते. ती रेषा पुढे ओढत नेली पाहिजे, आतड्यातून बाहेर, परसातून नाल्यापर्यंत, नाल्यातून वावरापर्यंत.

अंड्यापासून पाहा. अस्कारिसची एक मादी दिवसाला सुमारे २ लाख अंडी घालते. माणसाच्या पोटातून बाहेर पडताना ते अंडं एका पेशीचं असतं आणि त्याच क्षणी कोणी गिळलं तरी त्याला काहीही होत नाही. त्याला आधी माती हवी, ओल हवी, हवा हवी, दोन-चार आठवडे हवेत. मग कवचात अळी तयार होते आणि तेव्हाच ते अंडं संसर्ग देऊ शकतं. म्हणजे हा जंत माणसाच्या पोटात वाढतो, पण वाढत नाही; आकाराने वाढतो, संख्येने नाही. पोटात दहा जंत असतील तर ते दहाही बाहेरून, स्वतंत्रपणे, मोजून आलेले असतात. गोलकृमींत स्ट्राँगिलॉइडिससारखा एखादा अपवाद आहे, आणि बारीक सुतासारखे जंत मुलाच्याच नखांतून पुन्हा त्याच्याच तोंडात जातात. पण मोठा जंत, अंकुशकृमी, चाबूककृमी या तिघांना मातीतून गेल्याशिवाय गत्यंतर नाही.

आपली भाषा मात्र वेगळं सांगते. आपण म्हणतो, "पोराला जंत झाले." जसं पावसाळ्यात भिंतीला शेवाळ होतं तसे. गूळ खाल्ला म्हणून झाले, गोड फार खातो म्हणून झाले. झोपेत दात खातो, बघा जंत झाले असतील. माझी आजी हेच म्हणायची आणि वावडिंगाचं पाणी द्यायची, कधी पळसाच्या बियांची पूड. तिच्या औषधाबद्दल मला आदर आहे. पळसाची बी जंतांवर चालते हे आपल्या वैद्यकाने फार पूर्वी टिपून ठेवलं आहे. पण 'झाले' हे क्रियापद मला खटकतं, कारण ते दोष मुलाच्या पोटावर, त्याच्या खाण्यावर, त्याच्या आईवर टाकतं. जंत होत नाहीत. जंत येतात. आणि ते कुठून येतात असं विचारलं की प्रश्न एका घरापुरता राहत नाही.

फॉर्मॅलिनच्या बरणीची एक गोष्ट सांगितली पाहिजे. बरणीतला जंत मेलेला असतो, पण त्याच्या गर्भाशयातली अंडी मेलेली असतीलच असं नाही. सौम्य फॉर्मॅलिनमध्ये अस्कारिसची अंडी जिवंत राहतात, एवढंच काय, आत अळी होईपर्यंत वाढतात. प्रयोगशाळांत ती तशी मुद्दाम वाढवतात. त्या कवचाच्या आतला स्निग्ध थर रसायनांना आत येऊ देत नाही. म्हणून मी मुलांना हात दोनदा धुवायला लावत असे. बरणीवरच्या चिठ्ठीवर 'मृत नमुना' लिहिलेलं असे. मृत होतं ते जंताचं आपल्याला दिसणारं अर्ध.

अंकुशकृमीचं अर्ध आणखी धीट आहे. हा जंत सेंटिमीटरभर लांब, डोकं किंचित मागे वळलेलं, आणि तोंडाची वाटी आतड्याच्या अस्तरात रुतवलेली. त्याच्या एका जातीला, अँकिलोस्टोमाला, दातांच्या दोन जोड्या असतात. दुसरीला, नेकेटरला, दातांच्या जागी धारदार पट्ट्या. हा फरक परीक्षेत विचारतात, पण त्याचा अर्थ प्रयोगशाळेबाहेर आहे. अँकिलोस्टोमाचा एक जंत दिवसाला ०.१५ ते ०.२ मिलिलिटर रक्त घालवतो, नेकेटर ०.०३ च्या आसपास. हे आकडे नगण्य वाटतात. शंभर नेकेटर धरा. दिवसाला ३ मिलिलिटर, महिन्याला ९०. बाईच्या मासिक पाळीत साधारण ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं. म्हणजे शंभर जंत पोटात असलेल्या बाईला महिन्यात सव्वादोन ते तीन पाळ्या जास्तीच्या येतात, आणि त्या कोणाला दिसत नाहीत. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्क्यांना रक्तक्षय आहे, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीने नोंदवलं. तो सगळा जंतांमुळे नाही. अन्नामुळे आहे, बाळंतपणांमुळे आहे, आपल्या भागात सिकलसेलमुळेही आहे. पण कापसाच्या वेचणीला वाकलेल्या बाईला चक्कर आली की 'पालेभाजी खात जा' एवढं सांगून मोकळं होणाऱ्यांनी तिच्या अनवाणी पावलांकडे एकदा पाहावं, असं मला वाटतं.

कारण अंकुशकृमी बहुधा तोंडावाटे येत नाही, पावलातून येतो. अंडं मातीत पडलं की एक-दोन दिवसांत फुटतं, आठवडाभरात अळी कात टाकून तयार होते. त्यानंतर ती काही खात नाही. ओल्या गवताच्या पात्यावर, मातीच्या कणांवरच्या पाण्याच्या पापुद्र्यात, साठवलेल्या चरबीवर ती काही आठवडे तग धरते आणि उबदार कातडीची वाट पाहते. पायाच्या बोटांच्या बेचक्यातून आत, रक्तातून हृदयात, हृदयातून फुप्फुसात, तिथून श्वासनळीने वर चढून घशात आणि गिळली गेली की आतड्यात. वर्ध्याच्या काळ्या चिकण मातीत तिला सरकायला जड जातं, आणि मे महिन्यात जमीन भेगाळते तेव्हा ती जगतच नाही. पण पाऊस पडला, ओढ्याकाठच्या गाळवट वाळूसर पट्ट्यात, मळ्याच्या सावलीत, की तिचे दिवस येतात. नेमके ते दिवस निंदणीचे असतात. बाया तेव्हाच दिवसभर चिखलात.

सेवाग्रामचं नाव इथे घेतलंच पाहिजे, आणि केवळ जिल्ह्याचा अभिमान म्हणून नाही. १९३५ साली गांधी वर्ध्यातल्या मगनवाडीत राहत असताना त्यांचे सहकारी वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी गावात जाऊन रस्त्यांवरचा मैला उचलत. त्यांच्यातल्या मीराबेन तिथे राहायलाच गेल्या. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधी शेगावला आले, ज्याचं पुढे सेवाग्राम झालं. सफाईला त्यांनी राजकारणाच्या बरोबरीचं स्थान दिलं होतं. आश्रमात प्रत्येकाने संडास स्वच्छ करायचा, हा नियम होता. हात धुण्यापासून भाजी धुण्यापर्यंत इतका काटेकोर माणूस त्या काळच्या हिंदुस्थानात दुसरा शोधावा लागला असता. ६ मे १९४४ रोजी आगाखान पॅलेसच्या नजरकैदेतून सुटले तेव्हा ते मलेरियाने खंगलेले होते. त्यानंतरच्या तपासण्यांत त्यांच्या आतड्यात अमीबा सापडला आणि अंकुशकृमीही सापडला.

हा तपशील गांधींच्या चरित्रांतून ओझरता येतो. मला तो मध्यवर्ती वाटतो. स्वच्छता हा वैयक्तिक सद्गुण असता, तर त्या आतड्यात अंकुशकृमीला जागा मिळायला नको होती. पण जंताला माणसाचं शील कळत नाही, त्याला माती कळते. ज्या देशाच्या मातीत कोट्यवधी लोक उघड्यावर बसत होते, त्या मातीवरून चालणारा माणूस महात्मा असला तरी त्याची कातडी माणसाचीच. कोणालाही एकट्याने स्वच्छ होता येत नाही. आपल्याकडे शुद्धतेची सगळी उतरंड नेमकी या उलट समजुतीवर रचली गेली. आपण आपल्या घरात, आपल्या स्वयंपाकघरात, आपल्या जातीत सोवळं राहू शकतो, घाण दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्याला देऊन. जो मैला उचलतो तो अशुद्ध, ज्याचा मैला तो शुद्ध. जंताचं शरीरशास्त्र या कल्पनेला कुठेही आधार देत नाही. मैला गावाच्या ज्या टोकाला टाकला जातो, तिथून पाणी, कुत्री, माश्या, पावलं आणि भाजीची टोपली त्याला परत आणतात.

पण गांधींच्याच बाबतीत एक मतभेदही नोंदवतो, कारण आदर म्हणजे होकार नव्हे. मैल्याचं खत व्हावं, हा त्यांचा आग्रह. आपल्याकडे सोनखत हा शब्द आहेच, आणि सोनखताचं मोल त्यांनी ओळखलं. त्यासाठी मैला फार खोल पुरू नये, नऊ ते बारा इंचांच्या वरच्या थरात पुरावा, तिथले सूक्ष्म जीव त्याचं खत करतात, असं मत त्यांनी डॉक्टर पूअर या इंग्रज तज्ज्ञाच्या आधाराने मांडलं. मातीच्या दृष्टीने ते खरं आहे. पण अंकुशकृमीची अळी सैल मातीतून तेवढं अंतर वर चढते, आणि अस्कारिसच्या अंड्याला तर तीच ओलसर, हवेशीर वीतभर माती हवी असते. तिथे ते वर्षानुवर्षं टिकू शकतं. सोनखताला दोनच गोष्टी निर्धोक करतात, पुरेशी उष्णता किंवा पुरेसा काळ. ढीग आतून ५५ अंशांच्या वर तापला की अंडी मरतात; तो तापला नाही तर खड्डा वर्ष-दोन वर्षं न उघडता ठेवावा लागतो. दोन शोषखड्ड्यांचा संडास याच हिशेबावर बेतलेला आहे. एक भरला की बंद करायचा, दुसरा चालू करायचा, आणि दुसरा भरेपर्यंत पहिल्यातल्या मैल्याची माती व्हायची.

आता आजचं बघू. २०१८ मध्ये ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त झाल्याचं सरकारने जाहीर केलं. गावोगावी संडास खरोखर बांधले गेले, आणि रात्री-अपरात्री टमरेल घेऊन गावाबाहेर जाण्याचं बायांचं संकट त्यामुळे कमी झालं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्याचं मोल मला कमी करायचं नाही. पण जंताच्या बाजूने विचारलं तर प्रश्न एवढाच उरतो: अंडं मेलं का, की नुसतं हललं? दोन खड्ड्यांच्या जागी एक मोठी सेप्टिक टाकी बांधलेली असते, कारण ती 'पक्की' वाटते. ती भरते. मग टँकर येतो, उपसा करतो आणि कुठेतरी रिकामा होतो. संडास म्हणजे भांडं आणि भिंती, असं आपण धरून चाललो. जंताला भिंतींशी कर्तव्य नाही. त्याचा सगळा व्यवहार भांड्याच्या पुढे सुरू होतो.

गोळीचा मुद्दा याच ठिकाणी घेतो. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो. १ ते १९ वयाच्या मुलांना शाळेत, अंगणवाडीत अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी, अगदी लहानांना अर्धी. गोळी नेमकी जंताच्या शरीरशास्त्रावर बेतलेली आहे. ती त्याच्या आतड्यातल्या पेशींचा आतला सांगाडा मोडते, मग त्याला साखर शोषता येत नाही आणि तो उपाशी मरतो. आयव्हरमेक्टिन त्याच्या घशाच्या पंपाला लुळं करतं. आपल्या शरीरात त्या जागा वेगळ्या किंवा झाकलेल्या असतात, म्हणून आपण वाचतो. या शोधांपुढे मी नतमस्तक आहे. जंतनाशक गोळी म्हणजे कंपन्यांचा डाव, पोटात थोडे जंत असलेले बरे, त्यांच्यामुळे अ‍ॅलर्जी होत नाही, असं शहरात बसून लिहिणाऱ्यांशी मला वाद घालावासा वाटतो. जंत आपल्या प्रतिकारशक्तीला शांत ठेवतात, हे संशोधन खरं आहे. पण ज्या मुलीचं हिमोग्लोबिन सात आहे तिला ही माहिती काय उपयोगाची?

दुसऱ्या बाजूला गोळीवर निर्धास्त राहणारे आहेत, आणि तेही मला पटत नाहीत. गोळी पोटातला जंत मारते. मातीतल्या अंड्याला ती शिवतही नाही. माती तीच राहिली तर वर्षभरात पोटं बहुतांश पूर्ववत होतात. केनियातल्या बुसिया भागातल्या ७५ शाळांवरचा एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला आणि जगभर गाजला. एडवर्ड मिगेल आणि मायकेल क्रेमर यांना दिसलं की गोळ्या दिल्यावर मुलांची गैरहजेरी घटली, आणि आजूबाजूच्या, गोळी न मिळालेल्या मुलांचीही घटली. त्या आकडेमोडीवर पुढे मोठा वाद झाला, पुनर्तपासण्या झाल्या. फायदा नेमका किती, यावर अजून एकमत नाही. पण शेजारच्या मुलाने घेतलेली गोळी माझ्या मुलाच्या उपयोगी पडते, हा विचार ज्या पायावर उभा आहे तो पाया अंड्याचा आहे: अंडं मातीतून फिरतं म्हणून. गोळीपुढच्या पायऱ्या आपल्याकडे फार पूर्वीच सांगून ठेवल्या आहेत. चरकसंहितेच्या विमानस्थानात कृमींच्या वीस जाती सांगून झाल्यावर उपचाराच्या तीन पायऱ्या दिल्या आहेत. अपकर्षण, म्हणजे कृमी काढून टाकणं. प्रकृतिविघात, म्हणजे त्याला राहायला अनुकूल स्थिती मोडणं. आणि निदानपरिवर्जन, म्हणजे मुळात कारणच टाळणं. त्यांचं 'कारण' आहारविहाराचं होतं, मातीतल्या अंड्याचं नव्हतं. तरी आपण तीनपैकी पहिल्या पायरीचा दिवस साजरा करतो आणि तिसरीचं खातं ग्रामपंचायतीकडे आहे की पाणीपुरवठ्याकडे, यावर फायली फिरतात.

ज्याचं बाहेरचं अर्ध मातीत नाही असाही एक गोलकृमी वर्धा जिल्ह्यात आहे, आणि सेवाग्रामने त्याच्यावर मोठं काम केलं आहे. गांधींसोबत आगाखान पॅलेसमध्ये असलेल्या डॉ. सुशीला नय्यर यांनी १९६९ मध्ये इथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी केली. तिथे जीवरसायनशास्त्राचे प्राध्यापक बी. सी. हरिनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हत्तीरोगाचा जंत हा विषय धरला. वुचेरेरिया हा जंत सुताच्या धाग्याइतका बारीक, मादी आठ-दहा सेंटिमीटर, आणि नर-मादी एकमेकांत गुंतून माणसाच्या लसिकावाहिन्यांत राहतात. तो तिथून काढता येत नाही. त्याची पिल्लं मात्र रात्री दहा ते दोनच्या सुमारास वरच्या रक्तात येतात, कारण त्याच वेळी क्युलेक्स डास चावतो. मज्जापेशी अगदी थोड्या, आणि तरी त्या पिल्लाला माणसाची रात्र कळते! काचेवर रंगवलेला थेंब पाहताना तंत्रज्ञ त्याच्या शेपटीचं टोक शोधतो. टोकापर्यंत केंद्रकं पोचलेली नसतील तर तो वुचेरेरिया. सेवाग्रामच्या प्रयोगशाळेत रुग्णांच्या रात्रीच्या रक्तातली ही पिल्लं पोषक द्रवात जिवंत ठेवली, ती जे काही बाहेर टाकतात ते गोळा केलं आणि त्याचा उपयोग रक्तचाचणीसाठी केला. जंत हाती लागत नाही तर त्याचं उत्सर्जन पकडा. जंताचं शरीर त्वचेपाशी संपत नाही, हे त्यांनी माझ्यासारखं शब्दांत न मांडता कामातून वापरलं.

आणि तरीही वर्धा जिल्हा हत्तीरोगाच्या जिल्ह्यांत आहे. वर्षानुवर्षं गोळ्या वाटल्या गेल्या, आरोग्य कार्यकर्ती समोर उभी राहून खाऊ घालायची, आणि तिच्या पाठीमागे उघड्या नालीत क्युलेक्सच्या अळ्या वळवळत असायच्या.

गोळीशिवाय, लसीशिवाय आपण एक गोलकृमी खरोखर संपवला आहे. नारू. मीटरभर लांब मादी, जिच्या अंगात शेवटी गर्भाशयाशिवाय काही उरत नाही. आतडंसुद्धा त्या दाबाने निकामी होतं. लाखो पिल्लं पोटात घेऊन ती माणसाच्या पायाच्या कातडीखाली येते, फोड करते, आणि तो पाय पायविहिरीच्या पाण्यात पडला की पिल्लं सोडते. सायक्लॉप्स नावाचा पाण्यातला बारीक जीव ती खातो, ते पाणी माणूस पितो. महाराष्ट्रातल्या जुन्या माणसांना काडीला गुंडाळून रोज इंच-इंच बाहेर काढलेला नारू आठवतो. त्याच्यावर आजही औषध नाही. १९८३-८४ पासून देशभर मोहीम चालली: पाणी फडक्याने गाळा, पायविहिरीत पाय घालू नका, पायऱ्या बुजवून रहाट बसवा, पाण्यात औषध टाका. शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि फेब्रुवारी २००० मध्ये भारत नारूमुक्त ठरला. संपूर्ण लढाई जंताच्या बाहेरच्या अर्धाशी झाली आणि आतलं अर्ध आपोआप संपलं. माणसाच्या पोटातून काही काढावं लागलं नाही. विहिरीच्या पायऱ्या काढाव्या लागल्या.

अंकुशकृमी आणि अस्कारिस नारूपेक्षा कठीण आहेत, हे मान्य. माती गाळता येत नाही. पण खड्डा किती दिवस बंद राहिला, टँकर कुठे रिकामा झाला, हे विचारता येतं. आणि हे प्रश्न ग्रामसभेत विचारताना कोणाच्या पोटात जंत आहेत हे सांगण्याची लाज कोणालाच वाटायचं कारण नाही.

गेल्या श्रावणात संध्याकाळी पवनारहून परत येत होतो. पाऊस नुकता थांबला होता. मुख्य रस्त्यावरून एक उपसा-टँकर वावराच्या पांदणीत वळला. मी गाडी बाजूला घेतली. नाल्याच्या काठावर त्याने नळी सोडली, दहा मिनिटांत रिकामा झाला आणि दिवे लावून निघून गेला. ड्रायव्हरला मी थांबवलं नाही. त्याला दुसरीकडे कुठे जायला सांगायचं, ते ठिकाण मला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मुद्दाम त्याच रस्त्याने गेलो. नाल्याच्या पलीकडे पराटीत निंदण चाललं होतं. आठ-दहा बाया होत्या. चपला धुऱ्यावर ओळीने काढून ठेवलेल्या. काळ्या चिखलात चप्पल रुतते, तुटते, म्हणून. त्यातल्या एकीसोबत तीनेक वर्षांची पोरगी होती, धुऱ्यावर बसून ओल्या मातीचे पेढे वळत होती, आणि वळून झाला की एकेक उचलून तोंडाकडे नेत होती.